कुंदा बोटीवरच ठेवा

दिवाळी अंकात माझा आणि माझ्या नणंदेचा अंटार्क्टिकाचा किस्सा छापून आला आणि तेव्हापासून प्रश्न थांबेनात. काही पोस्टाने आले, काही व्हॉट्सॲपवर, आणि दोघींनी तर गणपत गल्लीत भाजी घेताना पिशवी धरून थांबवून विचारलं. सगळ्यांना उत्तर द्यायला पानं पुरणार नाहीत, म्हणून जे परत परत आले तेवढे घेतलेत. मी काही तज्ज्ञ नव्हे हो, दोनदा ध्रुवाकडे जाऊन आलेली बाई, एकदा खाली आणि एकदा वर, आणि दोन्ही वेळा काय काय चुकलं ते नीट लक्षात ठेवलेली.

ताई, आम्ही दोघं रिटायर झालोय. पेंग्विन आणि पांढरं अस्वल दोन्ही एकाच ट्रिपमध्ये बघायचंय. कुठल्या महिन्यात जायचं? — एक वाचक, निपाणी

एका ट्रिपमध्ये नाही जमायचं बघा. अस्वल वर आर्क्टिकमध्ये, पेंग्विन खाली दक्षिण गोलार्धात, दोघांची जन्मात कधी गाठ पडलेली नाही. आईस्क्रीमच्या गाड्यावर दोघं शेजारी शेजारी काढलेले असतात ती पेंटरची मर्जी. अंटार्क्टिकाच्या बोटी नोव्हेंबर ते मार्च चालतात कारण तेव्हा तिकडे उन्हाळा, आणि अस्वलासाठी लोक नॉर्वेच्या वरच्या स्वालबार्ड बेटांवर जातात ते जून ते ऑगस्ट-सप्टेंबर.

पेंग्विनसाठी जायचं तर महिन्याप्रमाणे बघायला वेगळं मिळतं. नोव्हेंबरात बर्फ कोरा करकरीत आणि घरट्यांची भांडणं जोरात, डिसेंबर अखेर-जानेवारीत पिल्लं, आणि देवमासे बघायचे असतील तर फेब्रुवारी-मार्च बरा, पण तोवर बर्फ चिखलागत झालेला असतोय. आणि एक आधीच सांगते, टीव्हीवर दिसतो तो उंच एम्परर पेंग्विन नेहमीच्या बोटींच्या वाटेवर सहसा दिसत नाही. दिसतात ते जेंटू, चिनस्ट्रॅप आणि ॲडेली, गुडघ्याच्या जरा वर येणारे. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पाच मिनिटांत प्रेमात पडाल.

अस्वलाचं मात्र मन घट्ट करून जा. स्वालबार्डला १ जानेवारी २०२५ पासून नियम कडक झालाय, अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं, आणि १ मार्च ते ३० जून ५०० मीटर. म्हणजे डोळ्यांना दिसणार काय, तर बर्फावर तांदळाचा एक पिवळसर दाणा. हो, पिवळसरच, कोऱ्या बर्फापुढे ते पांढरं वाटतच नाही, गाईड आम्हाला तेच शिकवत होता की पांढरं शोधू नका, साजूक तुपाचा रंग शोधा (तूप मी म्हणतेय, तो लोणी म्हणाला होता). मोबाईलच्या भरवशावर जाऊ नका, दुर्बीण घ्या, आणि दोघांत एक नको, दोन घ्या, नाहीतर नेमकं अस्वल उभं राहिल्यावर घरात भांडण.

माझी आई ६८ वर्षांची आहे, तिला फार हौस आहे पण चोर्ला घाटात सुद्धा तिला उलटी होते. ड्रेक पॅसेज तिला झेपेल काय? — एक वाचक, शहापूर, बेळगाव

माझी नणंद तर आंबोलीच्या पहिल्या वळणालाच खिडकीकडे सरकते, आणि ती जाऊन आली, तेव्हा आधी आईला हो म्हणा.

आता खरं काय ते सांगते. अर्जेंटिनाच्या उशुआया गावातनं बोट सुटली की केप हॉर्नपासून अंटार्क्टिकाजवळच्या साऊथ शेटलंड बेटांपर्यंत साधारण ८०० किलोमीटरचा उघडा समुद्र आहे, तोच ड्रेक पॅसेज. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. तिथं एवढं का हलतं तर त्या पट्ट्यात पृथ्वीभोवती वारा अडवायला जमीनच नाही, वारा आणि पाणी गोल गोल फिरत राहतात आणि या एका अरुंद जागेतनं घुसतात. कधी कधी ड्रेक एकदम शांत असतो, आपल्या किल्ला तलावागत, आणि कधी जेवणाच्या टेबलावरची प्लेट समोरच्याच्या मांडीत. कुठला मिळेल ते नशीब. आम्हाला जाताना तलाव मिळाला आणि येताना दुसरा.

चोर्ला घाट आणि बोट यात फरक असा की घाट दीड तासात संपतो. बोटीवर एकदा मळमळ सुरू झाली की थांबा म्हणायला ड्रायव्हर नाही. म्हणून गोळी मळमळ व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर घेतली तर ती पण बाहेर. कुठली गोळी ते आईच्या डॉक्टरांनाच विचारा, बीपी-शुगर-काचबिंदू असेल तर काही गोळ्या आणि कानामागे लावायचे पॅच चालत नाहीत, आणि घरीच एकदा घेऊन बघा की किती गुंगी येते. केबिन बुक करताना बोटीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची मागा. लोक व्ह्यूच्या नादात वरची महागडी घेतात आणि तीच सगळ्यात जास्त झुलते, पाळण्याचं तसंच की, वरचं टोक लांब जातं. पोट रिकामं ठेवू नका. नणंद दोन दिवस कोरडा टोस्ट आणि आल्याच्या वड्यांवर होती, ज्या वड्या तिनं शहापुरातनं नेल्या होत्या आणि शेवटी शेजारच्या केबिनमधली जर्मन बाई रोज दार वाजवून मागून न्यायला लागली.

आईच्या वयाला माझी भीती उलटीची नाही, पडायची आहे. हलत्या बोटीत एक हात कायम कठड्याला पाहिजे, दाराच्या फटीत बोटं घालायची नाहीत, अंघोळ बसून. आणि किनाऱ्यावर जाताना रबरी बोटीत उतरावं लागतं, तिला झोडियाक म्हणतात, दहाएक माणसं काठावर बसतात. खलाशी तुमचं मनगट धरतो आणि तुम्ही त्याचं मनगट धरायचं, हातात हात नाही, मनगटाला मनगट, कारण ओला हातमोजा सटकतो पण मनगट सटकत नाही. मग काठावर टेकायचं आणि बूड सरकवत पुढं जायचं, उभं राहायचं नाही. आई भारतीय बैठकीतनं हात न टेकता उठते काय ते बघा. उठत असेल तर जमेल. नसेल तर जायच्या आधी सहा महिने रोज जिने चढू द्या.

उडत जायची पण सोय आहे. चिलीच्या पुंता अरेनासहून अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर विमानानं दोनेक तासांत उतरवतात आणि तिथं बोट तयार असते. महाग पडतं, आणि ढग आले की विमान सुटतच नाही, त्यामुळं मागे-पुढे दिवस मोकळे ठेवायला लागतात. पैसे आणि वेळ दोन्ही असतील तर आईसाठी हेच बरं. मला विचाराल तर ड्रेक नको म्हणू नका. बोटीमागं अल्बाट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी पंख न हलवता तासन् तास येत राहतो, तो विमानातनं कुठनं दिसणार.

एका मोठ्या क्रूझची जाहिरात आलीय, निम्म्या पैशात अंटार्क्टिका, स्विमिंग पूल, थिएटर सगळं आहे. घेऊ काय? — एक वाचक, गोकाक

नको. म्हणजे क्रूझची हौस असेल तर घ्या, पण मग अंटार्क्टिकाला पाय लागला असं सांगत फिरू नका. तिथं टूर कंपन्यांची एक संघटना आहे, इयाटो, १९९१ पासून, आणि तिच्या नियमात ५०० च्या वर प्रवासी असलेली बोट कोणालाच किनाऱ्यावर उतरवत नाही. एका जागी एका वेळी जास्तीत जास्त १०० माणसं. म्हणजे ती मोठी बोट लांबनं चक्कर मारणार आणि तुम्ही काचेतनं बघणार, गोकाकचा धबधबा चालत्या एसटीतनं बघितल्यासारखा. बघितला म्हणता येतं, अंगावर थेंब नाही.

आता यातला हिशोब कोणी समजावून सांगत नाही म्हणून सांगते. बोटीवर १०० माणसं असतील तर सगळी एकदम उतरतात. २०० असतील तर दोन पाळ्या, ४०० असतील तर चार, आणि सकाळचे तासच तेवढे, तेव्हा तुमच्या वाट्याला किनारा किती आला ते तुम्हीच भागाकार करा. एजंटला पहिला प्रश्न हाच विचारायचा की बोटीवर माणसं किती, आणि दुसरा की गाईड किती. पूल आहे काय हा प्रश्नच नको, शून्य डिग्रीत कोण पोहणार, तसं बर्फाच्या पाण्यात उडी मारायचा एक कार्यक्रम असतोय म्हणा, कमरेला दोरी बांधून, त्याचे पैसे वेगळे नाहीत.

लहान बोटीला माणशी सहा-सात हजार डॉलरपासून पुढं, विमान वेगळं, कपडे वेगळे, विमा वेगळा. विमा मात्र आजारी पडल्यावर तिथनं उचलून आणायच्या खर्चासकट घ्या, त्याशिवाय बऱ्याच बोटी चढूच देत नाहीत. दोघांचे वीसेक लाख सहज जातात. म्हणून तर म्हणते, एवढे घालायचे तर पाय लावायला घाला.

तुमच्या मिसेसनी खाली वेगळ्या पेनानं लिहिलंय, बोट बुडली तर? एक बुडालीये. एक्सप्लोरर नावाची, २३ नोव्हेंबर २००७ ला, साऊथ शेटलंडजवळ बर्फाला लागून. १५४ माणसं होती, सगळीच्या सगळी वाचली, दुसऱ्या बोटीनं उचलली. त्यानंतर नियम घट्ट झाले, २०११ पासून तिथं जड तेलावर चालणारी बोट नेता येत नाही आणि २०१७ पासून ध्रुवाकडच्या बोटींना वेगळा पोलर कोड, म्हणजे सुरक्षिततेचे नियम, लागू आहे. पहिल्या दिवशी लाइफजॅकेट घालून ड्रिल असतो, तेव्हा सेल्फी काढत बसू नका एवढंच.

शाकाहारी जेवण मिळतं काय? आणि सोबत कुंदा, चकली नेली तर चालते काय, तिथं बसून खायची इच्छा आहे. — खानापूरच्या एक काकी

काकी, शाकाहारी मिळतं, बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, जैन असेल तर तेही. बोटीवर कुंदा खुशाल खा, पण तो पडला दुधाचा आणि अर्जेंटिनाच्या कस्टमला दुधाचं काही नेलेलं आवडत नाही तेवढं आधी बघून घ्या, चकलीला काही नाही. पण किनाऱ्यावर खायचा एक कणही न्यायचा नाही, खिशात विसरलेली गोळी सुद्धा नाही. मी कडाकण्यांचा पुडा खिशात घालून निघाले होते, गाईडनं हसत काढून घेतला आणि परत आल्यावर दिला, त्यातल्या दोन कमी होत्या.

आणि जे लिहायला तुम्हाला लाज वाटली ते मी सांगते, किनाऱ्यावर संडास नाही. आडोसा पण चालत नाही. दोन-तीन तास निघतील असं बघून चहा बेतानं घ्या, अगदीच झालं तर गाईडला सांगा, बोटीवर परत सोडतात, कोणी काही म्हणत नाही.

कपडे आणि कॅमेरा काय काय घेऊ? — चिकोडी

थंडीचा बाऊ करू नका. उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर शून्याच्या आसपास असतं, दोन-चार खाली-वर. मारतो तो वारा आणि पाणी. सगळ्यात महत्त्वाची वॉटरप्रूफ पँट, खरीच वॉटरप्रूफ. जुलैत टिळकवाडीतनं खडेबाजारला स्कूटरवर जाऊन बघा, आतली कोरडी राहिली तर घ्या. जाड कोट बऱ्याच बोटी देतात, गमबूट पण मिळतात, म्हणून दुकानदार म्हणतो ते सगळं विकत घेऊ नका. आत थर्मल, वर फ्लीस, दोन जोड हातमोजे.

थंडीत बॅटरी झपाझप उतरते, जादाची आतल्या खिशात अंगाला लावून ठेवा. केबिनमध्ये आल्या आल्या कॅमेरा बॅगेतनं काढायचा नाही, तासभर तसाच, नाहीतर आत पाणी धरतंय.

स्वालबार्डला व्हिसा लागत नाही म्हणतात, खरं काय? — कॅम्प, बेळगाव

खरं, आणि याच वाक्यानं माझं वाटोळं केलं. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण तिथं जायचं तर ऑस्लोवरनं, आणि नॉर्वेला आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर, म्हणजे तिथं गेलात की तुम्ही शेंगेनमधनं बाहेर पडलात, आणि परत येताना दुसऱ्यांदा आत. म्हणून व्हिसा डबल एंट्रीचा पाहिजे. आमच्या एजंटनं, नाव सांगत नाही, सिंगल काढला होता आणि वर मलाच म्हणाला, मॅडम सगळे असाच काढतात. निघायच्या आधी माझ्या भाच्यानं स्टिकरवरचा आकडा वाचला म्हणून कळलं. पुन्हा अर्ज, पुन्हा मुंबई, विमानाचं तिकीट बदलायचा भुर्दंड माझा. व्हिसा हातात आला की पहिला तो आकडा वाचा, फोटो कसा आलाय ते नंतर.

अंटार्क्टिकाला कुठल्याच देशाचा व्हिसा नाही, तिथली परवानगी बोटवाले काढतात. तुम्ही वाटेतल्या देशांचं बघायचं.

तिथं जाणंच चुकीचं नाही काय? तुमच्यासारखे लोक जाऊन ती जागा बिघडवतात असं वाटत नाही? — कॉलेज विद्यार्थिनी, बेळगाव

वाटतं ग. संपादक म्हणाले हा प्रश्न गाळा, मी म्हटलं हाच ठेवा.

एका सीझनला आता एक लाखाच्या वर माणसं तिकडे जातात. आम्ही बेळगावहून उशुआयापर्यंत किती विमानं बदलली ते मोजायला बोटं कमी पडतील, त्या धुराचं उत्तर माझ्याकडे नाही. आम्ही गेलो त्या अंटार्क्टिक द्वीपकल्पावर ऊब वाढतीये आणि थंडी-बर्फावर जगणारे ॲडेली कमी होत चाललेत, त्यांच्या जागी जेंटू पसरतायत. आम्हाला जेंटूच जेंटू दिसले आणि आम्ही खूश, तेव्हा ते का इतके दिसतात हे डोक्यातच आलं नव्हतं.

नियम आहेत आणि ते पाळले जातात, हे मी डोळ्यांनी बघितलं. प्राण्यापासून पाच मीटर लांब. पेंग्विन स्वतः चालत आला तर तुम्ही पुतळा व्हायचं. २०२४ ला बर्ड फ्लू अंटार्क्टिकाच्या भूमीपर्यंत पोचला, आता जमिनीवर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅग ठेवायची नाही. उतरायच्या आधी आणि चढायच्या आधी बूट औषधाच्या पाण्यात. पहिल्याच दिवशी सगळ्यांचे कपडे व्हॅक्यूमनं साफ करतात आणि तिथं आमच्या नणंदेच्या जॅकेटच्या वेल्क्रोमधनं एक कुसळ निघालं. येळ्ळूरच्या रानातलं असणार, गडावर गेलो होतो तेच जॅकेट घालून. गाईडनं चिमट्यानं काढलं, उजेडात धरलं आणि आम्हा सगळ्यांना दाखवलं. आम्हाला हसू आलं, तो हसला नाही. किंग जॉर्ज बेटावर पोआ अनुआ नावाचं साधं गवत असंच कोणाच्या तरी बुटाला चिकटून गेलं आणि रुजलं, तोवर तिथं गवताची मोजून एकच जात होती.

मी गेले, मला पुन्हा जावंसं वाटतं, आणि माझं मन साफ नाही. तिन्ही एकाच वेळी खरं आहे. तुला नको वाटत असेल तर जाऊ नकोस, तुझं चुकत नाही.

पण जाणाऱ्याला एक सांगीन. आपल्याकडं पॉइंट बघायची सवय, उतरा, फोटो, चला. तिथं आमच्यातले निम्मे वीस मिनिटांत फोटो काढून परतीच्या रांगेत. मी एका जागी उभी राहिले, पाऊणेक तास. एक जेंटू शेजारच्या घरट्यातला दगड चोचीनं उचलायचा, तुरुतुरु आपल्या घरट्यात ठेवायचा, पुन्हा जायचा, आणि तेवढ्यात मागचा तिसराच येऊन त्याचा तोच दगड न्यायचा. सगळीकडे वास कसला तर खारा बांगडा जाळावर टाकून विसरलेल्या घराचा, आणि बर्फ क्रिल, म्हणजे कोळंबीगत बारके जीव, खाऊन टाकलेल्या विष्ठेनं गुलाबी. त्या पाऊण तासात त्याच्या घरट्यात एक दगड वाढला नाही. मी मोजत होते.

मी शिक्षक आहे, वीस लाख या जन्मात जमणार नाहीत. माझ्या मुलांना यातलं काय दाखवू? — संकेश्वर

सर, दोन गोष्टी.

एक, भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला निघाली ती आपल्या शेजारच्या गोव्यातनं, आणि ९ जानेवारी १९८२ ला तिथं पोचली. आज पण आपल्या मैत्री आणि भारती या तळांचा कारभार वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातनंच चालतो. आणि तिथं फक्त शास्त्रज्ञ जातात असं मुलांना वाटतं ते खोडून काढा. वेल्डर, इलेक्ट्रिशियन, गाड्यांचा मेकॅनिक, स्वयंपाकी, डॉक्टर, या सगळ्यांच्या जागा निघतात. आमच्या उद्यमबागेत शिकलेला पोरगा आयटीआयच्या जोरावर अंटार्क्टिकाला जाऊ शकतो, तेही पगार घेऊन, आणि मी वीस लाख घालून गेले.

दुसरी गोष्ट, अंटार्क्टिका स्वतःच इकडं येतं. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल नावाचा पक्षी तिकडच्या खडकांच्या फटीत पिल्लं काढतो आणि तिथं हिवाळा लागला की विषुववृत्त ओलांडून आपल्या अरबी समुद्रात. संकेश्वरहून आंबोली उतरलात की वेंगुर्ला-मालवण, पावसाळा सरता सरता, पण किनाऱ्यावरनं नाही दिसायचा, खोल पाण्यात जावं लागतं, तेव्हा मुलांना नेऊ नका, आधी तुम्ही एकटे ओळखीच्या मच्छीमाराबरोबर समुद्र बघून जा, आणि लाइफजॅकेट घालून.

आम्ही गेल्या सप्टेंबरात गेलो. नणंदेला इथंही उलटी झाली. चिमणीपेक्षा जरा मोठा, काळा, शेपटीच्या वर पांढरा पट्टा, पंख पसरून पाण्याला टेकलाय न टेकलाय असा, आणि खाली लोंबत्या पायांनी लाटेवर टकटक टकटक चालल्यासारखा. मी ओरडले, अहो हा अंटार्क्टिकातनं आलाय! होडीवाल्यानं जाळं ओढता ओढता मान वर केली.

"ह्यो? ह्यो तर रोज येता."